वाऱ्याचं वजन

मथुराबाई कुणाला भ्यायची नाही. तलाठ्याला नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही. भीमेला पूर आला तर काठावर उभी राहून नदीलाच शिव्या घालायची. पण वाऱ्याचं नाव काढलं की बाईच्या तोंडचं पाणी पळायचं. कारणही तसंच होतं. तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मूल झालं, आणि आठवड्याच्या आत पोरीची दातखीळ बसली. अंग ताठलं, धनुष्यासारखं वाकलं, आणि ती गेली. मूलही राहिलं नाही. सुईण म्हणाली, वारं लागलं. शेजारणी म्हणाल्या, वारंच ते. मागच्या भिंतीला हाताएवढं भोक होतं, ते बुजवायचं राहून गेलं होतं. त्या भोकाची आठवण मथुराबाईनं कधी स्वतःला विसरू दिली नाही.

आता धाकटी चांगुणा बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला होता. पाचवी पुजून झाली होती, बारावं व्हायचं होतं. तोवर बाळंतिणीनं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम साऱ्या वस्तीचाच. मथुराबाईचा त्याहून कडक. दाराच्या फटीत चिंध्या, खिडकीला गोणपाट, चांगुणाच्या डोक्याला आणि कानाला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली, आणि बाजेखाली शेगडी. धुरानं पोरीचे डोळे चुरचुरायचे.

"आई, जरा दार उघड की. जीव गुदमरतोय."

"गुदमरू दे. गुदमरून कुणी मरत न्हाय. थोरलीचं काय झालं ते ठावं हाय न्हवं?"

हे एवढं म्हटलं की चांगुणाचा हट्ट संपायचा. लहानपणापासून तिनं तेच ऐकलं होतं. बाळाला पदराखाली ओढून ती भिंतीकडं तोंड करून पडायची.

आणि अशा वेळी, बघा नशीब कसं असतं, सरकारनं वस्तीवर वाराच पाठवायचं ठरवलं.

करकंबहून नदीकडं उतरलं की काठावर खडकवस्ती लागते. दहा-बारा घरं, कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर पत्रे. काठापासून थोडं आत, पात्रातच, एक मोठा काळा खडक आहे. त्या खडकावर विजेच्या तारांचा मनोरा उभा करायचा होता. तारा नदी ओलांडून पुढं सोलापूरच्या गिरण्यांकडं जाणार होत्या. खडकावर ट्रक जात नाही, नाव एवढं लोखंड पेलत नाही. तेव्हा कुणा परदेशी कंपनीनं सरकारला सांगितलं, आमचं यंत्र बघा, पसंत पडलं तर घ्या. मनोऱ्याचे तुकडे शाळेच्या माळापलीकडं जोडून तयार होते. ते उचलून खडकावर नेऊन ठेवायचे, असं ते प्रात्यक्षिक होतं.

यंत्र येणार त्याच्या आदल्या दिवशी त्रिंबकराव ओव्हरसियर जीपमधून आले आणि मारुतीच्या पारावर बसून माणसांना समजावू लागले. माणूस पंढरपूरचा, तोंडानं गोड, आणि त्या यंत्रावर असा खूश की घरच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखा बोलत होता.

"तुम्ही पाहिलंत ते छोटं हेलिकॉप्टर नव्हे हे. याला दोन इंजिनं. वर पाच पाती, आणि एक पातं एवढं लांब, की तुमच्या दोन घरांवरून आडवं जाईल. पाय उंच उंच. पोटाखाली मोकळी जागा. ओझं तिथं धरतं नाहीतर दोराला टांगतं. भरलेला ट्रक उचलतं, भरलेला!"

"आन शेपटीला काय असतंय म्हनं?" धनगराचा बिरप्पा म्हणाला. त्याचं घर वस्तीच्या टोकाला, अगदी नदीकडं होतं, म्हणून त्याला जास्त काळजी.

"शेपटीला उभा पंखा. वरची पाती एका बाजूला फिरतात ना, मग खालचं धूड उलटं फिरायला बघतं. तो पंखा त्याला धरून ठेवतो. नाहीतर गरगर गरगर, सगळे पायलट ओकून बेजार."

माणसं हसली. मथुराबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती, ती हसली नाही.

"पर साहेब," बिरप्पा म्हणाला, "येवढं वजन वर ऱ्हातंय कशावर?"

"वाऱ्यावर! पाती वारा खाली ढकलतात. जेवढं वजन वर, तेवढा जोर खाली. यंत्र आणि ओझं मिळून जे काही वजन होईल, तेवढं सगळं वाऱ्याच्या रूपानं जमिनीवर येतं म्हणा ना. आणि हे एका जागी हवेत उभं राहतं. तुकडा बसेपर्यंत हलत नाही."

मथुराबाईनं पदर कानांवरून ओढून घेतला. वळवाचा वारा येतो आणि जातो. हा उभा राहणार होता.

"म्हणून सांगतो," त्रिंबकराव उठता उठता म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी शाळेच्या माळावर जायचं. घरात कोणी थांबायचं नाही, म्हातारं नाही, पोर नाही. आणि घरं घट्ट करून ठेवा. वारं सुटेल."

आता घर घट्ट करायचं म्हणजे खडकवस्तीत काय करतात? पत्र्यावर दगड ठेवतात. वळवाच्या वाऱ्याला हाच उपाय, आजवर कधी चुकला नव्हता. त्रिंबकराव बिचारे स्लॅबच्या घरात वाढलेले. घट्ट म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीची नदीवर ये-जा सुरू झाली. बाया पाटीतून दगड आणत होत्या, गडी शिडीवर चढून पत्र्यावर मांडत होते. मथुराबाईनं नवऱ्याला, रावजीला, उसंतच दिली नाही.

"ह्ये काय गोटं आनलं? ह्यानं काय हुतंय? जात्यायेवढं आना!"

"आगं, वासं मोडतील की."

"वासं मोडू द्या, पत्रा उडाया नगं. पत्रा उडला तर पोरीवर सगळं वारं येईल. येकदा खाल्लं तेवढं बास झालं न्हवं?"

रावजी मूळचा थंड माणूस.  थोरलीचा विषय निघाला तसा तो पुन्हा नदीवर गेला आणि जात्याएवढे दगड खांद्यावर घेऊन आला. वासे करकरले. खाली चांगुणानं वर बघितलं, आणि आईनं तिला दटावलं, की वर बघू नको, धूळ डोळ्यात जाईल. वस्तीत सगळ्यांत जास्त दगड मथुराबाईच्या पत्र्यावर होते. तिला जरा बरं वाटलं.

सकाळी त्रिंबकरावांचा शिपाई शिट्टी वाजवत घरोघर फिरला. रावजी केव्हाच नदीवर गेला होता. तुकड्याला खालून दोर सोडलेले असतात, ते धरून तुकडा नीट बसवायला वस्तीतले चार-सहा धट्टेकट्टे गडी बोलावले होते, त्यात तो होता. घरातून निघताना त्यानं मथुराबाईला एवढंच विचारलं, "पोरीचं काय?" ती म्हणाली, "मी बगते." ती बघेल म्हणाली म्हणजे बघेल, एवढा त्याचा विश्वास.

तिनं बघितलं ते असं. शेगडीत निखारे भरले, चांगुणाच्या कानावरची पट्टी आणखी आवळली, गोणपाटाचे दोन थर लावले. मग बाहेर येऊन कडी लावली, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला गाठ मारून खोवली.

शिपाई दारात आला. "घरात कोन हाय?"

"कुनी न्हाय."

"बाळंतीण हुती की तुमच्याकडं?"

"गेली सासरी," मथुराबाई त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. "कुलूप दिसंना व्हय तुला?"

तो बिचारा पुढं गेला. बाळंतिणीला उघड्या माळावर, त्या राक्षसाच्या वाऱ्यात नेऊन बसवायचं? ते सांगणाऱ्याला काय, त्याची लेक थोडीच होती. मथुराबाई घोळक्याबरोबर माळावर चढली, पण माळावर जाऊनही तोंड घराकडंच करून उभी राहिली.

आधी आवाज आला. आला म्हणजे कानाला नाही, पायाला आला. जमीन थरथरू लागली. दावणीची जनावरं कान टवकारून उभी राहिली, मग एकदम हिसके मारू लागली. एका बैलानं दावं तोडलं. पोरं आयांच्या लुगड्यात शिरली. मग माळाच्या पलीकडून ते यंत्र वर आलं. केवढं ते! उंच चार पाय, मागं शेपूट, वर पात्यांचं नुसतं गरगरतं ताट, आणि खाली दोराला टांगलेला लोखंडी मनोऱ्याचा तुकडा, देवळाच्या शिखराएवढा. 

"आगं बया बया," कुणीतरी म्हणालं, आणि पुढचं ऐकूच आलं नाही.

ते नदीवर गेलं, खडकावर थांबलं, आणि खाली खाली आलं. नदीचं पाणी चेपून बाजूला झालं. पाण्याचे फवारे काठावर आले, त्यामागून वाळू, त्यामागून कडब्याच्या पेंढ्या. काटेरी कुंपणं उपटून भिरभिरत निघाली. गडी दोर धरून वाकले होते, त्यातला रावजी कुठला ते ओळखू येत नव्हतं.

मथुराबाईचं लक्ष पत्र्यांवर होतं. पत्रे दबून राहतील, वारा वरून येतोय, वरून दाबतोय, चांगलंच आहे, असं ती मनाशी घोकत होती. पण वारा वरून येऊन वरच राहिला नाही. तो जमिनीवर आपटला, आडवा धावला आणि भिंतींना अडून वळचणीखालून आत शिरला. बिरप्पाच्या घराचा पत्रा खालून फुगला. थडथड थडथड करत तो उचलला गेला, त्यावरचे दगड लाहीसारखे उडाले, आणि पत्रा मधोमध दुमडला. सगळे दगड त्या दुमडीत गोळा झाले आणि एकदम खाली, घरात गेले.

आवाज आला नाही. नुसती धूळ उठली. जिथं बिरप्पाची बाज होती, जिथं तो रोज पडायचा, तिथूनच धूळ उठली.

 बिरप्पाच्या पत्र्यावर होते त्याच्या दुप्पट दगड मथुराबाईच्या पत्र्यावर होते. तिनंच वर चढवले होते. जात्याएवढे.

ती त्रिंबकरावांकडं धावली. त्यांचा सदरा धरून ओढला. "थांबवा! त्येला थांबवा! पोरगी हाय आत!"

त्रिंबकरावांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली, हसून हातानं धीर धरा अशी खूण केली आणि पुन्हा वर बघू लागले. ती किंचाळली, घराकडं बोट दाखवलं. त्यांना वाटलं, बाई पत्र्याला रडतेय. आणि कळलं असतं तरी काय? पायलटला खूण करायची ती खडकावरच्या माणसाच्या निशाणानं, आणि तो माणूस धुळीत कुठं दिसत होता?

मग ती पळत सुटली.

वाऱ्यात शिरली तशी पहिल्यांदा वाटलं, कुणी छातीवर हात ठेवून मागं ढकलतंय. खडे तोंडावर आले. डोळे उघडेनात. पदर उडून गळ्याला आवळला, तिनं तो ओढून काढला आणि सोडून दिला. ज्या वाऱ्यापासून जन्मभर पळाली त्याच्याच पोटात ती धावत होती, आणि त्या क्षणी तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला फक्त वरचे दगड दिसत होते. ते हलत होते. पत्रा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता, आणि प्रत्येक वेळी दगड थोडे मधे सरकत होते.

कनवटीची गाठ सुटेना. "मेल्या हातांनो!" असं ओरडून तिनं लुगडंच फाडलं, किल्ली काढली, कुलूप उघडलं. दार ढकललं तसा वारा तिच्या आधी आत घुसला. निखारे जमिनीवर पसरले. चिंध्या उडाल्या.

चांगुणा बाजेवर होती, बाळ छातीशी, डोळे भीतीनं पांढरे. तिनं आईला बघितलं आणि ती रडायला लागली, पण ओरडली ते वेगळंच.

"आई, दार लाव! वारं येतंय! दार लाव!"

"ऊठ! भाईर चल! दगडं पडत्यात!"

"न्हाय! भाईर न्हाय! थोरलीवानी मरीन मी, आई!"

तिनं बाजेचा खूर घट्ट धरला. मथुराबाईनं तिचा दंड ओढला, बोटं सोडवायला बघितली, ती सुटेनात. भीती कुठं अशी सुटते? वर्षानुवर्षं आईनं स्वतःच्या हातानं तिच्यात कोंबली होती ती. वर एक वासा कडाडला. मातीचा ढेपसा चांगुणाच्या खांद्यावर पडला, तरी तिनं खूर सोडला नाही, डोक्यावरची पट्टी सावरली.

मथुराबाईनं लेकीच्या थोबाडीत मारली. एक, दोन. त्यानंही काही झालं नाही. मग तिनं तिच्या कुशीतून पोर हिसकावलं आणि उघड्या दारातून बाहेर पळाली.

मागं चांगुणाची किंकाळी ऐकू आली, तेवढीच त्या सगळ्या गदारोळात ऐकू आली. "माझं बाळ! त्येला वारं लागंल!" आणि ती उठली. ओली बाळंतीण, अनवाणी, आईच्या मागं, पोरासाठी धावली. उंबऱ्याबाहेर तिचे दोन्ही पाय पडले आणि मागं पत्रा दुमडला.

धूळ दोघींच्या अंगावरून गेली. मथुराबाई गुडघ्यावर बसली, पोराला पोटाखाली घेतलं, चांगुणा तिच्या पाठीवर पडली. किती वेळ गेला कोण जाणे. केव्हातरी आवाज पातळ झाला, वर गेला, माळाच्या पलीकडं गेला. खडकावर मनोऱ्याचा तुकडा ताठ उभा होता. घराच्या मधोमध दगडांचा ढीग होता, आणि ढिगातून बाजेचा एक खूर वर आला होता.

मथुराबाईनं पोराला बघायला सैल सोडलं. पोर हलत नव्हतं. नाका-तोंडात माती गेली होती, ओठ निळे पडले होते.

"आई?" चांगुणा म्हणाली. "आई, रडत न्हाय ते."

मथुराबाईनं पोराचं नाक आपल्या तोंडात धरलं, माती ओढली, थुंकली. पुन्हा ओढली, पुन्हा थुंकली. बोटानं जीभ मोकळी केली. मग त्याच्या तोंडावर तोंड ठेवून हळूच फुंकलं. इवलीशी छाती वर आली आणि खाली बसली. तिनं पुन्हा फुंकलं. ती काय करतेय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मेंढराच्या पिलाला असं करताना तिनं बिरप्पाला पाहिलं होतं एवढंच. तिच्या तोंडातून नुसतं "ये रं, ये रं, माज्या राजा," एवढंच येत होतं. तिसऱ्यांदा फुंकलं तसं पोर आखडलं, खोकलं, आणि असं टाहो फोडून रडलं की मथुराबाई मागंच बसली.

त्रिंबकराव धावत आले, मागून शिपाई. ढिगाकडं बघून त्रिंबकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, घरात कोणी नाही म्हणालात ना तुम्ही? आणि हे एवढाले दगड वर कोणी ठेवले?"

"मी ठिवलं," मथुराबाई म्हणाली. "तुमी घट्ट करा म्हनला. मी घट्ट केलं."

 नदीकडून रावजी धडपडत येत होता, हाताला दोराचे ओरखडे, आणि लांबूनच पोराचं रडणं ऐकून तो जागीच खाली बसला.

तेवढ्यात माळावरून पुन्हा शिट्टी वाजली. मनोऱ्याचे आणखी तुकडे होते. पायाखालची जमीन बारीक थरथरायला लागली. त्रिंबकराव निशाण, निशाण, असं ओरडत नदीकडं पळाले, पण यंत्र माळापलीकडून वर यायला लागलंच होतं.

मथुराबाईनं इकडंतिकडं बघितलं. आडोसा कुठंच उरला नव्हता. घर नव्हतं, भिंत पडायला आलेली, पुढं नुसता उघडा माळ. एवढी मोठी बाई, पण तिचे पाय उचलेनात. पोराला छातीशी धरून ती तशीच बसली आणि तिच्या तोंडून लहान पोरीसारखा आवाज निघाला.

"चांगू, वारं येतंय ग. कुटं जायाचं?"

चांगुणाच्या डोक्यावरची पट्टी केव्हाच उडून गेली होती. केस मोकळे, कान उघडे, गालावर आईच्या बोटांचे वळ. तिनं वाकून बाळ घेतलं, दुसऱ्या हातानं आईला उठवलं.

"चल, आई," ती म्हणाली. "माळावर."

आणि ती उघड्या अंगणातून, येणाऱ्या वाऱ्याकडं तोंड करून चालायला लागली. मथुराबाई तिचा हात धरून मागून चालली.